पत्रयोगी आणि आमचे घरचे पत्ते

"किलवर... किलवरची... दश्शी!"

शेवटचा शब्द पडायचा अवकाश, सगळा हॉल एका सुरात "अहाहा!" म्हणाला. पुढच्या रांगेतल्या बेकरीवाल्या बाईंनी तर डोळ्यांना रुमाल लावला. स्टुलावर बसलेला विमा कचेरीतला कारकून हातातलं पान उलटसुलट करून बघत होता. त्या दश्शीनंच आपली चुगली केली, असा त्याचा चेहरा झाला होता.

हॉल म्हणजे बंद पडलेलं फर्निचरचं दुकान. खिडक्यांना जाड पडदे, मधोमध एक उंच दिवा, दिव्यापुढे स्टूल आणि स्टुलासमोर चार हातांवर गादी. गादीवर पत्रयोगी. हे त्यांचं त्यांनीच ठेवलेलं नाव. साध्या मराठीत सांगायचं तर पत्तेवाला.

प्रकार असा असे. गरजू माणसानं स्टुलावर बसायचं, पत्रयोगींच्या जोडातून एक पान ओढायचं आणि ते कपाळाच्या उंचीवर धरायचं. पानाचं तोंड आपल्याकडे, पाठ योगींकडे. दिवा माणसाच्या मागे, खांद्याच्या वर. आम्ही सगळे त्या दिव्याच्याही मागे. म्हणजे पान कुठलं ते आम्हा साऱ्यांना दिसे. दिसत नसे ते फक्त एकट्या पत्रयोगींना, आणि वर त्यांचे डोळे मिटलेले. तरी ते अचूक सांगत. एकदा नाही, दोनदा नाही, दर वेळी.

"बावन्न पानं, बावन्न नाड्या!" ते गरजत. "राजा म्हणजे मेंदू! राणी म्हणजे काळीज! गुलाम म्हणजे पोट, कारण पोटानंच माणसाला गुलाम केलंय! आणि एक्का? एक्का म्हणजे आत्मा, बाळांनो!"

"आणि जोकर?" मागून कुणीतरी विचारलं.

"ज्याचा विश्वास नाही तो," योगी म्हणाले, आणि हॉल खदाखदा हसला.

मी हसले नाही. एक तर मी जोकरांच्या गटातली, आणि दुसरं म्हणजे स्टुलावर पुढचा नंबर माझ्या सासूबाईंचा होता.

माझं औषधांचं दुकान या हॉलच्या अगदी समोर आहे. सासूबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. नवरा पुलांच्या कामावर, महिन्यातून एखादी फेरी मारणारा. घरात मी, सासूबाई आणि माझी शाळकरी लेक. सासूबाईंना रक्तदाब आहे, स्वभाव आहे आणि पत्त्यांचं वेड आहे. रोज संध्याकाळी रमीचा डाव पडल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. त्यांचे जोडीदार म्हणजे माझ्या शेजारच्या गाळ्यातले घड्याळजी. घड्याळं दुरुस्त करतात म्हणून सगळी गल्ली त्यांना तेच म्हणते. एकटा जीव. मधुमेह जुना, आणि रमीत चीडखोर. त्या दिवशी तेही सासूबाईंच्या शेजारी बसले होते.

सासूबाईंनी पान ओढलं. बदामची राणी. दिव्याच्या उजेडात आम्हाला लख्ख दिसली.

पत्रयोगींच्या पापण्या थरथरल्या. "लाल... स्त्री... बदामची राणी!" टाळ्या. "बाळ..." सत्तरी उलटलेल्या सासूबाईंना पुष्कळ वर्षांत कुणी बाळ म्हटलं नव्हतं, त्या विरघळल्याच. "बाळ, तू घरासाठी झिजलीस. पण घरात तुझं कुणी ऐकत नाही."

सासूबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. 'ऐकलंस ना?' अशा थाटात. जगातल्या कुठल्या सासूला हे वाक्य खोटं वाटेल? ते मलाही म्हटलं असतं तर मीही मान डोलावली असती.

"राणी म्हणजे काळीज. तुझ्या काळजावर गोळ्यांचं ओझं झालंय. गोळ्या सोड. आणि घरात जे यंत्रावर छापलेले पत्ते आहेत ना, त्यांना यंत्राची बाधा असते. ते इथे आणून टाक. हातानं केलेलं पान तेवढं शुद्ध!"

घड्याळजींना चौकटचा गुलाम निघाला. गुलाम म्हणजे पोट, पोट म्हणजे साखर, आणि साखर म्हणजे "बाळ, ही साखर नाही, हा न रडलेल्या अश्रूंचा गोडवा आहे!" गोळ्या त्यांच्याही सुटल्या.

घरी येताना मी तोंड उघडलं, ते चुकलंच.

"आई, गोळ्या अशा एकदम सोडायच्या नसतात."

"तू म्हणणारच. तुझ्या दुकानात विकायला आहेत ना त्या."

"मी तुम्हाला विकत देते का?"

"सवय लावतेस," सासूबाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

त्या रस्त्यावर महिनाभर हेच चाललं होतं. माझी नेहमीची गिऱ्हाइकं दुकानाच्या पायरीपर्यंत येत आणि वळून समोरच्या दारात शिरत. मी काही बोलायला गेले की उत्तर ठरलेलं: धंदा बसला म्हणून हिच्या पोटात दुखतंय. आता पोटात दुखत होतं हे खरं. पण ते धंद्यासाठी नव्हतं. सासूबाईंचं डोकं सकाळी ठणकायला लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मला रात्रीचा घास गोड लागला नाही.

"गोळी चालू करा. हा आकडा बरा नाही," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

"तुम्ही पान न बघता कुठलं ते सांगू शकता?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली. ज्याला झाकलेलं पान कळतं, त्याला झाकलेलं काळीजही कळत असणार, असा सासूबाईंचा सरळ हिशोब होता. तो मोडायचा तर आधी पान कसं कळतं ते कळायला हवं होतं. मी दोनदा जाऊन बघून आले. आरसा नाही, खुणा करणारा माणूस नाही. मदतनीस होता, पण तो दाराशी चपला सांभाळायचा. योगींच्या पाठीमागून काही दिसतंय का बघावं, तर तिकडे जाता येत नसे. गादीच्या दोन्ही बाजूंनी भिंतीपर्यंत दोरी बांधलेली. "माझ्या पाठीमागे माझी शक्ती बसते. तिकडे गेलेला माणूस जळून जाईल!" असं ते बजावत. लोक दोरीपासून चांगले हातभर लांब राहत.

इकडे घरात भलतीच पंचाईत. सासूबाईंनी आपला जुना पत्त्यांचा जोड योगींच्या टोपलीत टाकला खरा, पण संध्याकाळ काही टाकता येत नव्हती. पाच वाजले की त्यांचे हात शिवशिवायला लागत. त्या टीव्ही लावत, बंद करत, डबे पुसत, पुसलेले डबे परत पुसत. घड्याळजी येऊन नुसते बसत. दोघं एकमेकांकडे बघत बसायची. शेवटी एक दिवस सासूबाई ताडकन उठल्या.

"ते काय म्हणाले? यंत्राच्या पत्त्यांना बाधा. हातानं केलेलं पान शुद्ध. मग आपण हातानं करू की!"

त्या बायकोपेक्षा वकील म्हणून बऱ्या शोभल्या असत्या, असं सासरे म्हणायचे म्हणे. मला पटलं.

लेक तर नाचायलाच लागली. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. जेवणाचं टेबल रिकामं करून आम्ही कारखाना मांडला. कारखान्याच्या मालकीणबाई अर्थातच सासूबाई. आणि त्या घरात चिंधी वाया जाऊ देत नाहीत, तिथे पत्त्यांसाठी पैसे सुटणं शक्यच नव्हतं.

"आजी, जाड कागद आणू या ना दुकानातून," लेक म्हणाली.

"तुझ्या मागच्या वर्षीच्या चित्रकलेच्या वहीत कोरी पानं आहेत. तीच घ्यायची."

"पातळ होतील. दोन-दोन चिकटवू या?"

"म्हणजे दुप्पट कागद! काही नको. एकच पुरे."

मी औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा मापात कापून साचा करून दिला. तो कागदावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, कापायचं. कोपरे गोल करायला नेलकटर. हे लेकीचं डोकं, आणि खरंच, कात्रीपेक्षा छान गोल येत होते. पाठीवर नक्षी हवी म्हणून अर्ध्या बटाट्यावर चांदणी कोरली आणि ठसे मारले. लेकीला गर्द निळी पाठ हवी होती.

"रंगाची आख्खी बाटली जाईल," सासूबाई म्हणाल्या. "फिकट पिवळा घे. चमचाभर रंग आणि वाटीभर पाणी."

चित्रं सगळी लेकीची. राजा म्हणजे तिचा बाबा, डोक्यावर कामाचं हेल्मेट. राणी म्हणजे चष्मेवाली आजी. चारही गुलामांच्या अंगावर पांढरा अ‍ॅप्रन आणि हातात गोळ्यांची पट्टी.

"हा कोण गं?" मी विचारलं.

"तू."

सासूबाईंना हसू आवरेना. पुष्कळ दिवसांनी त्या हसत होत्या, म्हणून मी गुलामगिरी पत्करली.

पत्ते तयार झाले, पण पिसता येईनात. एकाला एक घासून अडकत. लेक म्हणाली, वर प्लास्टिक लावून आणू. सासूबाईंनी ड्रॉवरमधून मेणबत्तीचं उरलेलं थोटूक काढलं. दोन्ही बाजूंनी मेण घासायचं आणि वर कागद ठेवून इस्त्रीचा जरासा चटका द्यायचा. आणि काय सांगू, पानं अशी सुळसुळीत झाली की हातातून निसटायला लागली. सासूबाईंनी एक पान बोटांमध्ये चोळून बघितलं.

"अगदी योगींच्या पानांसारखं लागतंय हाताला," त्या भारावून म्हणाल्या. "शुद्ध आहे हो!"

संध्याकाळी पहिला डाव. घड्याळजी त्या दिवशी आले नव्हते. पाय सुजलाय म्हणाले. मी पश्चिमेच्या खिडकीला पाठ करून बसले, सासूबाई समोर, लेक मध्ये. उन्हाचा तांबडा पट्टा खिडकीतून थेट टेबलावर येत होता.

मी हरले. परत हरले. मी काही पट्टीची खेळाडू नाही, पण इतकी माती मी कधी खाल्ली नव्हती. मला जे पान हवं ते सासूबाई सोडतच नव्हत्या. माझी एक खोड आहे. नवं पान उचललं की ते डोळ्यांसमोर उंच धरून मी विचार करत बसते. मी उचलायची, विचार करायची, आणि तेवढ्यात सासूबाई गालातल्या गालात हसायच्या.

चौथ्या डावाला त्या हसायच्या थांबल्या. मी पान उचलून धरलं होतं. त्यांनी आपले पत्ते टेबलावर पालथे ठेवले.

"सूनबाई, तुझ्या हातात इस्पिकचा गुलाम आहे."

मी पान बघितलं. अ‍ॅप्रनमधली मीच होते.

"आजी योगी झाली!" लेक ओरडली. "आई, आजी योगी झाली!"

"गप गं. योगी कसली होतेय? मला दिसतंय!" सासूबाई पुढे वाकल्या. "दुसरं उचल. धर तसंच. चौकटची... पंजी. अगं, पाठीतनं दिसतंय! मघापासून दिसतंय मला."

"मघापासून? आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

"जिंकत होते ना मी," त्या म्हणाल्या, जराही न लाजता.

आम्ही जागा बदलली. आता त्या खिडकीकडे पाठ करून बसल्या आणि मी समोर. त्यांनी पान उंच धरलं, मागून उन्हाची तिरीप आली, आणि फिकट पिवळ्या पाठीवर, बटाट्याच्या चांदण्यांच्या आत, तीन बदाम तांबूस उमटले. दिव्यावर धरलेल्या हाताची बोटं जशी लालसर दिसतात ना, तसे.

आता सगळं एका माळेत ओवलं गेलं. कागद वाचवायला आम्ही एकच थर घेतला होता. रंग वाचवायला पाठ फिकट ठेवली होती. प्लास्टिक वाचवायला मेण घासलं होतं, आणि मेण प्यायलेला कागद उजेड आरपार सोडतो. तेलाचा डाग पडलेल्या कागदातून पलीकडचं दिसतं, तोच न्याय. विकतच्या पत्त्यांत हे होऊ नये म्हणून दोन कागदांच्या मध्ये काळा थर असतो. काटकसर करता करता आम्ही नेमकी पत्रयोगींचीच कृती उतरवली होती. खिडकीच्या जागी त्यांचा दिवा, माझ्या जागी स्टुलावरचा माणूस आणि सासूबाईंच्या जागी ते स्वतः. मिटलेल्या पापण्यांच्या फटीतून बघत. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं. म्हणून तर त्यांना विकतचे पत्ते नको होते!

 सासूबाई हातातली तिर्री उजेडापुढे आणत होत्या, बाजूला नेत होत्या, परत आणत होत्या. मला वाटलं, आता रडतात की काय. मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"मला फसवलंन्," त्या म्हणाल्या. "मला! आणि तेही पत्त्यांत!"

काळीज, आत्मा, नाड्या, सगळं एका बाजूला राहिलं. खरी जखम ही होती.

मग त्या उठल्या, पाण्याचा पेला भरून घेतला आणि माझ्यापुढे हात पसरला. "आण ती गोळी."

मी आणली.  आम्हा दोघींच्या संसारात गप्प बसायचे मोके कमी येतात, तो मी वाया घालवला नाही.

गोळी घेऊन झाल्यावर त्या थेट घड्याळजींकडे गेल्या. मी मागोमाग. घड्याळजी खुर्चीत बसले होते, एक पाय स्टुलावर. मोजा काढलेला नव्हता, पण खोलीत आल्याआल्या मला कुजका वास आला.

"काका, मोजा काढा बघू."

"काही नाही गं, चपलेनं चावलंय. योगी म्हणाले, पाय म्हणजे किलवर. किलवरची पानं उशाशी ठेवलीयत."

मोज्याखालचं अंगठ्याजवळचं बोट काळंनिळं पडलं होतं. मधुमेही माणसाला पुष्कळदा जखमेचं दुखणंच कळत नाही, म्हणून ती गुपचूप वाढते. मी दवाखान्यात चला म्हणाले. सासूबाईंनी पत्त्यांची सगळी हकीकत सांगितली. घड्याळजींनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"तुमच्या पत्त्यांतून दिसत असेल. त्यांच्या पत्त्यांतून दिसतं हे कशावरून? आणि ही तर औषधवाली. ही असंच म्हणणार."

तासभर डोकं फोडलं. रागावलो, हातापाया पडलो. माणूस हलेना. खाली उतरताना सासूबाई जिन्यात थांबल्या.

"याला सांगून पटणार नाही. याला तिथं नेऊन बसवायला हवं. उद्याच त्यांची बैठक आहे."

त्या रात्री कारखाना पुन्हा सुरू झाला. या खेपेला सासूबाईंनी कागद दुप्पट घेऊ दिला. पिठाची खळ शिजवली, तिच्यात शाईची बाटली रिकामी केली, आणि ती काळीकुट्ट खळ मध्ये भरून दोन-दोन कागद चिकटवले. वरून मात्र सगळं पहिल्यासारखंच: तीच फिकट पिवळी पाठ, त्याच बटाट्याच्या चांदण्या, तेच मेण. घडवलेल्या डझनभर पानांमधलं एक मी दिव्यावर धरलं. ठार काळोख.

बैठकीला हॉल खच्चून भरला होता. घड्याळजींना आम्ही दोघींनी धरून आणलं होतं. त्यांना वाटलं, आम्हाला उपरती झाली. सासूबाई सरळ जाऊन स्टुलावर बसल्या.

"ये बाळ. ओढ पान."

"गुरुजी, आज माझीच पानं आणलीयत. तुम्ही सांगितलं तशी घरी हातानं केली. चालतील ना?"

योगींनी वाकून बघितलं. फिकट पाठ, मेणाची चकाकी. त्यांचा चेहरा खुलला. "चालतील? अगं, धावतील! पाहिलंत बाळांनो, याला म्हणतात श्रद्धा!"

सासूबाईंनी शाईवाल्या गठ्ठ्यातलं पान उंच धरलं. चौकटची दुर्री. आम्हा सगळ्यांना दिसली.

योगींनी डोळे मिटले. पापण्या थरथरल्या. थरथरतच राहिल्या. मग एक डोळा जरा जास्तच उघडला.

"पान जरा वर धर, बाळ."

सासूबाईंनी वर धरलं.

"उजेडाकडे ने. अं... डावीकडे."

त्यांनी डावीकडे नेलं. योगींच्या कपाळावर घाम दिसायला लागला.

"काळं दिसतंय," ते पुटपुटले. तेवढं मात्र त्या दिवशी ते खरं बोलले. "काळं... इस्पिक... इस्पिकचा राजा!"

 सासूबाईंनी पान वळवून त्यांना दुर्री दाखवली. राजाचं राज्य दोन चौकटींवर आलं होतं.

"या पानात शंका शिरलीय!" योगी सावरले. "घरात कुणी अविश्वासू आहे का?"

"आहे ना, सून आहे," सासूबाई म्हणाल्या. "थांबा, दुसरा गठ्ठा बघू. यालाही तिचा हात लागलाय."

हा गठ्ठा पहिला, एका थराचा. पान वर जायचा अवकाश, योगी गरजले, "बदामची अठ्ठी!" बरोबर! टाळ्यांचा कडकडाट झाला. योगींनी घाम पुसला आणि हात उंचावला. त्या टाळ्या विरेपर्यंत सासूबाई थांबल्या, मग उभ्या राहून वळल्या. टेलिफोन खात्यात जन्म गेलेला, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"दोन्ही गठ्ठे माझ्याच घरचे. दोन्हींना त्याच सुनेचा हात. हा कळतो, तो कळत नाही. फरक एवढाच, की त्यात मी काळी शाई भरलीय आणि यात नाही. शाईला घाबरणारी ही कसली शक्ती? घड्याळजी, उठा. दोरीच्या पलीकडे जा."

"खबरदार!" योगी ओरडले. "जळून जाशील!"

चपलांपाशी बसलेला मदतनीस पुढे धावला. बेकरीवाल्या बाई आडव्या आल्या. त्या रोज पिठाची पोती उचलतात. मदतनीस परत चपलांपाशी गेला.

घड्याळजी लंगडत दोरीशी आले आणि थांबले.  त्यांना खरंच भीती वाटत होती हे मला दिसत होतं, आणि त्या क्षणी मला त्यांचा मुळीच राग आला नाही. मग ते दोरीखालून वाकून गेले आणि गादीच्या मागे उभे राहिले. जळले नाहीत.

सासूबाईंनी आता योगींच्याच जोडातलं पान ओढलं आणि उंच धरलं.

घड्याळजी बघत राहिले. डोळे मिटले नाहीत, पापण्या थरथरल्या नाहीत.

"किलवरची छक्की," ते म्हणाले.

"दुसरं सांगा."

"चौकटचा एक्का." ते पुढे वाकले. "दिसतंय हो. सरळ सरळ दिसतंय."

मग काय विचारता! दोरी तुटली. सगळा हॉल गादीमागे. "मला बघू द्या!" "सरका की!" "नव्वी! इस्पिकची नव्वी!" विमा कचेरीतला कारकून गादीवर उभा राहून एकामागून एक पानं सांगत होता आणि स्वतःच टाळ्या वाजवत होता. लहान पोरंसुद्धा न चुकता सांगत होती. पाच मिनिटांत आमच्या रस्त्यावर पन्नासेक योगी झाले. त्या गडबडीत कुणीतरी दिव्याची वायर ओढली आणि अंधार झाला. पडदे उघडून बघतो तो गादी रिकामी. पाठीमागे बसणारी शक्ती म्हणजे मागचं दार होतं.

तिथून आम्ही घड्याळजींना थेट दवाखान्यात नेलं. बोट वाचलं नाही. पाय वाचला. सर्जन म्हणाले, आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर तोही गेला असता.

नंतर बेकरीवाल्या बाई दुकानात आल्या. त्यांची हुरहूर गेली नव्हती. "पत्ते खोटे, कबूल. पण माझा गुडघा थांबला होता हो. आणि मनातलं सगळं कसं कळलं त्याला?"

"काय कळलं?"

"की मी दुसऱ्यांसाठी फार करते, पण त्याची कुणाला जाण नाही."

"असं ज्याला वाटत नाही, असा एक माणूस दाखवा," मी म्हणाले.  "आणि गुडघा म्हणाल, तर दुखणं चढतं आणि आपणहून उतरतंही. चढलेलं असतं तेव्हा आपण बाबाकडे जातो. मग उतरलं की नाव बाबाचं होतं."

"आता परत दुखतोय," त्या म्हणाल्या आणि मलम घेऊन गेल्या.

घड्याळजींना भेटायला आम्ही दवाखान्यात गेलो, तेव्हा ते उशीला टेकून बसले होते, पट्टी बांधलेला पाय समोर. सासूबाई त्यांना रागवायचं ठरवून आल्या होत्या, पण पाय बघून त्यांनी नुसती खुर्ची ओढली. मग घड्याळजीच बोलले.

"मनगटावरचं घड्याळ दोन मिनिटं मागे पडलं तरी मी उघडून बघतो," ते म्हणाले. "आत काय आहे ते बघितल्याशिवाय बोलत नाही. आणि या माणसाला एकदाही उघडून बघावंसं वाटलं नाही मला."

घड्याळजी खुळे नाहीत. माझ्या सासूबाई तर नाहीतच. चांगली, शहाणी, हिशोबी माणसं त्या हॉलमध्ये रोज बसत होती. ती फसली, कारण त्यांना जिथे बसवलं तिथेच ती बसून राहिली. फसवणाऱ्याला आपली बुद्धी काढून घ्यावी लागत नाही. त्याला हव्या त्या जागी आपल्याला बसवलं की त्याचं काम झालं.

म्हणून वाचकहो, कुणी चमत्कार दाखवला की खुशाल बघा, टाळ्याही वाजवा. पण मग उठा आणि त्याच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. सामान बदलून बघा, दिवा हलवून बघा, आपली पानं देऊन बघा. खरं असेल त्याला याची भीती नसते, ते कुठूनही बघितलं तरी खरंच राहतं. आणि कुणी मध्ये दोरी बांधली, जळून जाशील म्हणाला, तर समजा की उत्तर दोरीच्या पलीकडेच आहे. वाकून पलीकडे जा. माणूस जळत नाही, हे आमच्या रस्त्यावरच्या सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.